टीसीएलच्या ड्रमवर बसलेली सून

आमच्या गावात पाण्याला काहीही झालं की औषध एकच: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. वास आला, टाका टीसीएल. अळी दिसली, टाका टीसीएल. कुणाला जुलाब झाले तर आधी टाकीत टीसीएल पडतं आणि मग माणूस ताडकळसच्या दवाखान्यात जातो. ती पांढरी पावडर वाईट नाही, तिने पुष्कळ जीव वाचवलेत. पण डोकेदुखीपासून मुरगळलेल्या पायापर्यंत एकच पुडी देणाऱ्या वैद्याकडे कुणी जाईल का?

मी रसायनशास्त्र शिकलेली, परभणीची लेक आणि या गावची सून. पंचायतीने पाणी गाळायचं यंत्र बसवलं तेव्हा ते चालवायला कुणी पुढे येईना, म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे आली. साठवण तलावातलं कालव्याचं पाणी उपशाच्या हौदातून यंत्रात येतं आणि शेवयांसारख्या बारीक, पण पोकळ नळ्यांच्या जुडग्यांतून गाळलं जातं. गाव त्याला जाळी म्हणतं. ही जाळी बाद झाली तर नवी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर पुन्हा बोअरचं फ्लोराइडचं पाणी, जे पिऊन आमच्याकडच्या पोरांचे दात पिवळे पडलेत.

यंदा उन्हाळ्यात तलाव खाली गेला, पाणी हिरवंगार झालं आणि जाळी चोंदायला लागली. मी उलट्या बाजूने पाणी सोडून ती धूत होते, कसंबसं निभत होतं. तेवढ्यात कुणीतरी चांगल्या मनाने उपशाच्या हौदात पाटीभर टीसीएल ओतलं. त्या चांगल्या मनाचा मला अजून राग येतो. सकाळी हौदातला हिरवा रंग गेलेला, गाव खूश. दुपारी जाळीतून थेंब येईना. नळ्यांवर बुळबुळीत थर बसला होता आणि तो कितीही धुतला तरी हलत नव्हता.

सरपंच आले, सोबत पंचायतीचा शिपाई. सरपंच माझे चुलत सासरे. आम्ही सगळ्या सुना त्यांना मामा म्हणतो. ते आले की पदर सावरून उभ्या राहतो. त्यांच्यासमोर बसायची आमच्याकडे रीत नाही.

"पावडर कमी पडली," मामा म्हणाले. "अजून टाका. सगळं शेवाळ मरू द्या."

"मामा, ते मेल्यामुळंच जाळी चोंदली. टाकू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिपायाला टीसीएलचा ड्रम उघडायला सांगितलं. ड्रम माझ्या शेजारीच होता. शिपाई वाकायच्या आत मी झाकणावर बसले. नुसती टेकले नाही, चांगली ऐसपैस बसले.

दारात हंडे घेऊन ताटकळलेल्या बायका वाकून बघायला लागल्या.

"उठ," मामा म्हणाले. "सासऱ्यापुढं बसायलीस व्हय? लाज हाय का न्हाई?"

"लय हाय, मामा. पण उठले तर जाळी जाईल."

"तुला लय कळतंय, अन् आमाला न्हाई?"

मी दाराकडे वळून बायकांना विचारलं, "भेंडी आधी चिरता का आधी धुता?"

"आधी धुतो की," एक म्हातारी म्हणाली. "चिरून धुतली तर सगळी तार सुटती."

"मग शेवाळाचं तसंच हाय. अख्खं हाय तवर खाली बसवून काढता येतं. टीसीएलनं ते फुटतं, आतला चिकट रस पाण्यात उतरतो अन् जाळीला जाऊन बसतो. टीसीएल टाकायचंच हाय, पण गाळून झाल्यावर."

म्हातारी खुदकन हसली. मामा नाही हसले. "जाळी सुरू झाली न्हाई तर किल्ली घेऊन जाईन," म्हणाले आणि निघून गेले.

मग मी कामाला लागले. हौद उपसून काढला. शेवाळ वर तरंगतं, म्हणून उपशाचा पाइप तळ्यात आणखी खाली सोडला. बरण्यांत पाणी घेऊन तुरटी किती लागते ते बघितलं, तेवढीच हौदात घातली आणि शेवाळ अख्खंच्या अख्खं तळाशी बसवलं. ऊन अडवायला हौदावर शेडनेट ताणली. जाळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवली, धुतली, पुन्हा भिजवली. घरी सासूबाई म्हणत होत्या, "माफी मागून मोकळी हो. गाव तोंडावर बोलायलंय." मी म्हटलं, बोलू द्या, पाणी तर याच तोंडांना प्यायचंय.

जाळी एकदम नाही सुटली. आधी करंगळीएवढी धार आली, मग हळूहळू तोटी भरून वाहू लागली. बायका हंडे भरून गेल्या.

संध्याकाळी मामा एकटेच आले. दारातच थांबले.

"जाळी चालली, बरं झालं," ते म्हणाले. "पण चार माणसांत माझा मान गेला. तेवढी माफी माग. न्हाईतर किल्ली दे."

त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या मानाचं मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण माफी मागितली असती तर बसणं चूक ठरलं असतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कुणीतरी ड्रम उघडला असता. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं. मी तोटीखाली तांब्या भरला आणि त्यांच्या त्या पुढे केलेल्या हातात दिला.

मामा सगळं पाणी प्यायले, मिशी पुसली.

"अन् किल्ली?"

"माझ्याकडंच ऱ्हाईल, मामा," मी म्हणाले आणि मोटर चालू केली.