खंडेनवमीला पुसलेली यादी

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत भजी खावीत तसे वाचत आलोय. चव घ्यायची, विश्वास ठेवायचा नाही. पडक्या विहिरीवर कुणाला काय दिसलं याच्याशी मला देणंघेणं नाही. तरीही आज लिहायला बसलोय, कारण आभार मानायचे राहून गेलेत... आणि ते नेमके कुणाचे, हे मला अजून कळलेलं नाही.

परळीत स्टेशन रोडला माझं डीटीपीचं दुकान होतं, मागेच घर. लग्नपत्रिका, लेटरहेड, हँडबिलं. विंडोज ९८ नुकतंच आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या मशीनवर ९५ होतं आणि त्यातली सर्वात मोलाची फाईल म्हणजे रक्तदात्यांची यादी. आमच्या मित्रमंडळाने गावोगाव फिरून नावं जमवलेली — गट, पत्ता, फोन. परळी-अंबाजोगाईत कुणाला रक्त लागलं की फोन माझ्या दुकानात यायचा.

नवीन विंडोज दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं मी ठरवलं. म्हणजे जुनं पुसणं आलं आदल्या दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी आपण हत्यारं, मशिनी पुजतो, चालवत नाही. माय ओरडलीच, "आज मशीनला हात लावू न्हाई रे!"

"पाचच मिनिटं, माय," असं म्हणून मी बसलो. शिकलेला कुठे होतो, सगळं पुस्तक वाचून! डेस्कटॉपवरचे आयकॉन उचलून फ्लॉपीवर टाकले. अख्खा संसार एका फ्लॉपीत मावला म्हणून स्वतःवरच खूश झालो आणि फॉरमॅट मारला. नवीन विंडोज चढलं. प्रिंटरच्या ड्रायव्हरची फ्लॉपी तेवढी सापडेना. म्हटलं, उद्या बघू. मग मायने सगळ्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

दसऱ्याला सकाळी अकराच्या सुमारास दाजींचा फोन आला. माझी धाकटी बहीण सुनीता अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी होती. "शिवा, पोरगी झाली... पण सुनीताचं रक्त थांबंना. ओ निगेटिव्ह पायजे, इथलं संपलंय. तुज्या यादीत बघ की!"

फ्लॉपी घातली. प्रत्येक फाईल एक केबीची. यादीवर क्लिक केलं, तर फाईल सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा कुठे उजेड पडला — मी फाईली उचलल्याच नव्हत्या, नुसते शॉर्टकट उचलले होते. घराचा पत्ता जपून ठेवला आणि घर पाडून टाकलं! ओ निगेटिव्हवाला एकच जण तोंडपाठ होता, त्याच्या घरी फोन लावला. तो पुण्याला गेलता.

मी टेबलावर डोकं टेकून रडायला लागलो. सुनीता माझ्या शहाणपणापायी जाणार, एवढंच डोक्यात होतं.

माय आत आली. "कावून रडायलास?"

मी सांगितलं. हातातली आपट्याची पानं तिने प्रिंटरवर ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. खरं सांगतो, मला तिचा रागच आला.

आणि प्रिंटर चालू झाला.

डॉट मॅट्रिक्सची ती करकर तुम्हाला ठाऊक असेल. मी काही दाबलं नव्हतं. ड्रायव्हर नव्हता, मराठी फॉन्टही अजून टाकले नव्हते. तरी कागदावर मराठीत एक ओळ उमटली — 'ओ निगेटिव्ह. मन्मथअप्पा, सायकलचे दुकान, धारूर.' पुढे फोन नंबर आणि 'पीपी', म्हणजे शेजाऱ्याचा फोन.

मी नुसता बघत बसलो. माय म्हणाली, "बघतोस काय? फोन लाव!"

धारूरच्या एका किराणा दुकानात फोन वाजला. दुकानदाराने मन्मथअप्पांना हाक मारली. मी रडत रडतच सांगितलं. ते म्हणाले, "बाळंतीण हाय म्हन्ता, तर इचारता काय? निघालो की." सणाचं ताट तसंच ठेवून ते जीपने अंबाजोगाईला गेले. सख्ख्या भावालाही घेऊन गेले, त्याचाही गट तोच निघाला. संध्याकाळी सुनीताने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी पेढे आणि आपट्याची पानं घेऊन मी धारूरला गेलो. पाया पडलो आणि विचारलं, "अप्पा, आमच्या यादीत नाव कधी दिलं होतं?"

"कंची यादी? मला माजा गटच आठ दिवसांमागं कळला, पत्र्यानं हात कापला तवा."

शेजारचा किराणावाला हसला. "अन् माजा फोन तर आत्ता घटस्थापनेला लागलाय!"

यादीत मी शेवटचं नाव श्रावणात टाकलं होतं.

एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, प्रिंटरच्या मेमरीत राहिलं असेल. म्हटलं, जे कधी टाईपच केलं नाही ते? त्याने डोकं खाजवलं आणि चहा मागवला. ड्रायव्हरची फ्लॉपी चार दिवसांनी देवघरात सापडली. मायने ती पूजेला मांडली होती. त्यानंतर त्या प्रिंटरने माझ्या हुकमाशिवाय एक टिंबही छापलं नाही.

खुलासा आजही नाही. माझी बहीण आहे. तिची पोरगी मोठी झाली, स्वतः रक्त देते, मन्मथअप्पांना धारूरचे आजोबा म्हणते. मला एवढं पुरतं. यादी मी पुन्हा पहिल्यापासून केली, पण वहीत, पेनाने. पहिलं नाव मन्मथअप्पांचं. निदान ही ओळ कुणी लिहिली, ते मला सांगता येतं.