अंपायरकाकांनी दिलेला फोर

अर्णव, सई,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगितलंत की शाळेतून गोल्फ शिकायला जाताय, आणि सईने विचारलं, "आजी, तुला गोल्फ म्हणजे काय ते माहीत आहे का?" आजोबांच्या औषधाची वेळ झाली होती, म्हणून मी नुसतं "आहे" म्हणून फोन ठेवला. आता सवडीने, क्रमाने सांगते. मला गोल्फ माहीत आहे तो आपल्या बिल्डिंगमधल्या अंपायरकाकांमुळे, आणि त्यांना माहीत झाला तो एका चेंडूमुळे. तो चेंडू त्यांना मागून लागला होता. कुठे, ते पुढे येईलच.

अंपायरकाका तिसऱ्या मजल्यावरचे. सोमवार ते शनिवार ते विमा कंपनीत कारकून होते आणि रविवारी पांढरा कोट घालून क्रिकेटच्या मैदानावर अंपायर, अशी तीस वर्षं. निवृत्त होऊन इथे, आपल्या बेव्हर्ली पार्कात राहायला आले तेव्हा कोट कपाटात गेला. हातांची सवय मात्र गेली नाही. जे तोंडाने सांगता येईल ते काका हातांनी सांगायचे. रिक्षा गेटपासून लांब थांबली की भर रस्त्यात दोन्ही हात आडवे करून 'वाईड' द्यायचे. एका रिक्षावाल्याने विचारलंही होतं, "अंकल, उड़ने का है क्या?" भाईंदरहून मासळीची पाटी घेऊन येणारी हिराबाई बोंबील पुढे धरायची. काका वास घ्यायचे आणि गंभीरपणे एक बोट वर करायचे.

"बोट काय दाखवताय? घ्यायचं हाय का न्हाय, त्ये बोला."

"आऊट."

"तुमीच आऊट," असं म्हणून ती पाटी उचलायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

काकांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. ते म्हणत, "बाई, तीस वर्षांत मी चुकलो असेन, पण खोटं बोललो नाही. मी हात केला की खेळाडू मुकाट्याने निघून जायचे." मी शाळेत इंग्रजी शिकवत असे म्हणून ते मला बाई म्हणत. घरी मात्र त्यांच्या प्रत्येक निर्णयावर अपील व्हायचं, कारण घरी मंगलताई होत्या. त्या त्यांची पत्नी आणि माझी मैत्रीण. "अहो, तुम्ही आधी भाजी नीट निवडा, मग जगाला आऊट द्या," हे वाक्य मी त्यांच्या दारातून कितीतरी वेळा ऐकलं आहे.

तर गोल्फ. काकांच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात नोकरीला होता. त्याने स्पर्धेचा पास दिला. गोल्फचा एकही नियम माहीत नसताना काका टोपी घालून, डब्यात पोळी-भाजी घेऊन गेले. तिथे मोठमोठे व्यावसायिक खेळाडू आले होते. त्यांतला बंगळूरचा एक उंच खेळाडू काकांना आवडला, कारण तो फटका चुकला तरी चेहरा वाकडा करत नसे. दिवसभर काका दोरीच्या बाहेरून त्याच्यामागे चालत राहिले.

आता नीट वाचा. गोल्फमध्ये चेंडू भलतीकडे, माणसांच्या दिशेने गेला की खेळाडू ओरडतो, "फोर!" तुमच्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. हा शब्द एफ-ओ-आर-ई. अर्थ, पुढच्यांनो, सांभाळा. ऐकणाऱ्याने डोक्यावर हात धरून खाली बसायचं. शेवटून दुसऱ्या होलवर त्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे झाडांकडे आला, तो ओरडला आणि प्रेक्षक पटापट खाली बसले. काकांच्या कानांना मात्र तो एफ-ओ-यू-आर, म्हणजे क्रिकेटमधला चौकार, ऐकू आला. तीस वर्षांचा अंपायर. फोर म्हटल्यावर त्यांनी ताठ उभं राहून, पाठ फिरवून, जो स्कोअरर तिथे नव्हताच त्याच्याकडे तोंड केलं आणि छातीसमोरून उजवा हात ऐटीत फिरवला.

चेंडू त्यांच्या बसायच्या जागेवर लागला. काकांचा देह भरदार. चेंडू तिथून उसळला, हिरवळीवर गेला आणि भोकापासून दोन पावलांवर थांबला.

खेळाडू धावत आला. "अंकल, लगा क्या? आप झुके क्यों नहीं?"

काका म्हणाले, "आपने फोर बोला, तो मैंने फोर दिया."

तो इतका हसला की पुढचा फटका मारण्याआधी त्याला थोडा वेळ नुसतं उभं राहावं लागलं, असं काका सांगत. ती स्पर्धा त्याने एका फटक्याच्या फरकाने जिंकली. जाताना त्याने आपल्या डाव्या हाताचा ग्लोव्ह (गोल्फमध्ये तो एकाच हातात घालतात) काढून, त्यावर सही करून काकांना दिला. गोल्फमध्ये चेंडू लागलेल्या माणसाची अशी समजूत काढायची पद्धत आहे.

काका घरी आले ते उभ्याउभ्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जाग येण्याआधी मंगलताईंनी तो ग्लोव्ह साबणाच्या पाण्यात भिजवला होता. सही गेली. वर काकांनाच बोलणी बसली. "जोडीतला दुसरा कुठे हरवलात? आणि हे कुणाचं उचलून आणलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. मंगलताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रिक्षातून पडलात, हे सरळ सांगा ना. मी काही ओरडणार नाही."

बिल्डिंगमध्येही कुणाचा विश्वास बसला नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका भिंतीला टेकून उभे होते. आमचे सेक्रेटरी शाहभाई म्हणाले, "काका, बेसो ने."

"बसता येत नाही, शाहभाई. हाच तर पुरावा आहे."

"तो पुरावो बतावो ने," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मीटिंगचा विषय बाजूलाच राहिला. मीही हसले. खरं म्हणजे मला हसायला नको होतं.

दोन महिने काका उशीवर बसले. ते दुखणं बरं झालं, पण दुसरंच काहीतरी बिघडलं. एका दुपारी रिक्षा गेटपासून चांगली वीस पावलं लांब थांबली आणि काका हात न हलवता उतरून चालत आले. हिराबाईने बोंबील पुढे केले, तर "दे चार" म्हणाले. ती घाबरून मला विचारायला आली, "बाई, काकांना बरं न्हाय का?" मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, बायकोलाच जर माझा निर्णय पटत नसेल, तर मी लोकांना कशाला हात दाखवू?"

पुढच्या वर्षी तो खेळाडू येणार नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी आला. काकांनी तीन पास मिळवले. मी इंग्रजीसाठी आणि मंगलताई ऐकण्यासाठी. ताईंनी अट घातली, "तो नाही म्हणाला, तर या घरात गोल्फचं नाव काढायचं नाही." काका म्हणाले, "मान्य." त्यांचा आवाज मला बारीक वाटला.

आम्ही शेवटच्या होलपाशी दोरीला लागून उभे राहिलो. तिथे स्वयंसेवक 'शांतता' लिहिलेली पाटी उंच धरतात आणि सगळे श्वास रोखून उभे राहतात. नेमकी तेव्हा मंगलताईंनी चिवड्याची पिशवी उघडली. पाटीवाल्याने ती पाटी चार बोटांवर, अगदी त्यांच्या नाकासमोर आणून धरली. "अहो, वाचता येतं मला," त्या कुजबुजल्या, आणि घास तोंडात तसाच धरून खेळ संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

खेळ संपवून तो खेळाडू दोरीजवळ आला. मी आदल्या दिवशी वाक्य कागदावर उतरवून पाठ केलं होतं. काकांकडे बोट करून मी शुद्ध इंग्रजीत विचारलं, की दोन वर्षांपूर्वी तुमचा चेंडू या गृहस्थांना लागला होता का?

त्याने काकांचा चेहरा नीट पाहिला आणि फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, माझा चेंडू बऱ्याच लोकांना लागला आहे. सॉरी, मला आठवत नाही."

"झालं?" मंगलताई म्हणाल्या. "चला आता." पण त्यांचाही सूर जिंकल्याचा नव्हता. काकांकडे बघवत नव्हतं.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा प्रश्न बरोबर होता. बाजू चुकली. त्याने मला मारलं ते पाठीकडून." आणि त्या सगळ्या गर्दीत काकांनी त्या खेळाडूकडे पाठ केली, ताठ उभे राहिले आणि छातीसमोरून हात फिरवून फोर दिला.

"अरे!" तो खेळाडू ओरडला. "फोरवाले अंकल!" त्याची बॅग वाहणारा पन्नाशीचा कॅडी तर जमिनीवरच बसला. "सर, वही हैं. वही बॅक है," असं म्हणत त्याने डोळे पुसले. खेळाडूने दोरीखालून येऊन काकांना मिठी मारली आणि आजूबाजूच्यांना सांगितलं, की ती स्पर्धा मी यांच्या बॅकवर जिंकलो.

मला वाटलं, आता मंगलताई ओशाळतील. त्या पुढे झाल्या आणि त्या सव्वासहा फुटी माणसाला बोट दाखवून म्हणाल्या, "हसता क्या है? दो महिना ये आदमी उशी पे बैठा. और मैंने इसको झूठा बोला, तुम्हारे वजह से."

"सॉरी, आंटी."

"सॉरी बाद में. पहले लिख के दो."

त्याने खिशातून चेंडू काढला. काय लिहू, विचारलं. ताई मराठीत सांगत होत्या आणि मी भाषांतर करत होते: 'यांना मीच मारलं.' त्याने लिहिलं त्यात व्याकरणाची एक चूक होती. मी सांगणार होते, पण काकांनी माझ्याकडे बघून नुसतं एक बोट हलवलं, आणि मी गप्प बसले.

परतताना काशीमीऱ्याला ट्रकांच्या रांगेत आमची टॅक्सी तासभर अडकली. तेवढ्यात मंगलताईंनी ड्रायव्हरला सगळी हकीकत ऐकवली. त्यांच्या सांगण्यात चेंडू जास्त वेगाने आला आणि हिरवळीवर नाही, सरळ भोकात गेला. काकांनी दुरुस्त करायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या फाटकाच्या बऱ्याच पुढे टॅक्सी थांबली तेव्हा खाली उतरून त्यांनी दोन्ही हात आडवे केले.

अंपायरकाका जाऊन आता तीन वर्षं झाली. मंगलताई तिसऱ्या मजल्यावरच आहेत. चेंडू त्यांच्या टीव्हीच्या खाली, काचेच्या वाटीत असतो. कुणी आलं की त्या तो हातात देतात आणि काकांना चेंडू लागला त्या दिवशी आपण स्वतः तिथे हजर होतो, अशी गोष्ट सांगतात. मी शेजारी बसून ऐकते, आणि कुणी माझ्याकडे पाहिलं तर हो म्हणते.