कूलरच्या खोलीतला डेस्कटॉप

मागच्या रविवारी दुपारी आमच्या प्रताप नगरच्या घरात कॉम्प्युटरवरून मोठीच बैठक भरली. मला एम.ए. भूगोलाला प्रवेश मिळालाय... चव्वेचाळिसाव्या वर्षी. नकाशांचं सॉफ्टवेअर मोबाइलवर चालत नाही, तेव्हा कॉम्प्युटर घेणं भाग होतं. लॅपटॉप की डेस्कटॉप, एवढंच ठरायचं होतं.

यांचं मत डेस्कटॉपला. आणि ते चूक नव्हतं, हे आधीच सांगते. तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा येतो, मोठ्या पडद्यावर नकाशा नीट दिसतो आणि माझी मान नेहमीच दुखत असते.

यांनी टेप आणून जागाही मोजली. कूलरच्या खोलीत, टीव्हीला लागून. नागपूरकरांना सांगायला नको... उन्हाळ्यात अख्खं घर त्या एका खोलीत राहायला येतं. जेवण तिथे, झोप तिथे, भांडणंही तिथेच. जून अर्धा सरला तरी आमचा मुक्काम हललेला नाही.

अकरावीतला मुलगा खुशीत होता. "आई, ग्राफिक्स कार्ड टाकूनच घेऊ! तुझे नकाशे भारी दिसतील, अन् माझे गेम पण." "गेमचं पहिले सांग, नकाशाचं मागून," हे म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

मला लॅपटॉप हवा होता. बी.ए.ला असताना मी लायब्ररीत खिडकीशी बसायचे... बाहेर कडुनिंब, समोर उघडा नकाशा. लग्नानंतर किती वेळा त्या रस्त्याने गेले, गाडी हळू केली, गेटकडे पाहिलं आणि भाजी घेऊन घरी आले.

पण एका खिडकीपायी सगळ्यांच्या सोयीची वस्तू नको म्हणायचं? हा अभ्यास म्हणायचा की नुसती हौस? मनातल्या मनात मी दोन्ही बाजू मांडत राहिले.

सासूबाई कोपऱ्यात भिवापूरहून आणलेल्या मिरच्यांची देठं खुडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "काहून वं, शिकाले तू जाऊन राहिली ना? मंग तुले कोणता पाहिजे, हे तं कोणी इचारलंच नाही."

मी म्हटलं, "तसं काही नाही, आई. डेस्कटॉप सगळ्यांनाच कामी येईल."

"हो, येईन ना! माह्या बापानं मले शिलाई मशीन देल्ली होती. साऱ्यायच्या सोयीनं बैठकीत ठेवली. मंग कोणी तिच्यावर पेपर ठेवे, कोणी कपडे. पाहुणे आले का चहाचा ट्रे तिच्यावरच. शिवाले बसाचं म्हटलं का आंधी सारं उचला लागे... उचलता उचलता शिवणंच रायलं."

मी कशीबशी म्हणाले, "मला लॅपटॉप हवा आहे. लायब्ररीत न्यायला."

यांनी टेप गुंडाळली. "मग आधी सांगायचं ना! मी काय ज्योतिषी आहे?" रागावले नव्हते, खरंच चकित झाले होते. एवढं सोपं होतं तर मी आजवर का बोलले नाही... याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं, गावाकडची मशीन इथे आणून तुमच्या खोलीत ठेवू का? त्या हसल्या. "आता सुईत धागा दिसत नाही वं. तेव्हा कोणी म्हटलं असतं तं..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

काल लॅपटॉप घेऊन लायब्ररीत गेले. पडदा लहानच आहे, मान दुखलीच. नकाशा उघडायला इतका वेळ लागला की यांचं म्हणणं पुन्हा पटलं.

पण कोणी "जरा उठ" म्हणालं नाही. शेजारच्या मुली आपापलं वाचत होत्या, मी माझं. मध्येच सवयीने मान वर करून पाहिलं, कोणी हाक मारली का... कोणीच मारली नव्हती.

इतकी वर्षं वाटायचं, मला शिकायचं राहिलंय. काल शंका आली, की मला नुसतं कोणी न उठवता बसायचं होतं? कदाचित दोन्ही एकच असेल. सासूबाईंनी विचारलं म्हणून निदान हा प्रश्न तरी मला पडू शकला.