सहलीला न गेलेले भावोजी

रत्नागिरी तालुक्यात देव ठायी ठायी आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. पण धोका ठायी ठायी आहे, आणि तो नेमका कुठे दबा धरून बसलाय हे एकट्या आमच्या भावोजींना ठाऊक होतं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पालीच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे. कोणत्या विहिरीला कठडा नाही, कोणत्या चिरेखाणीत पावसाचं पाणी साठलंय, कोणत्या कातळावर शेवाळ धरलंय, हे त्यांना नातेवाइकांच्या नावांपेक्षा जास्त पाठ असे. आमच्या माहेरच्या घराची एक पायरी हलायची. भावोजी आले की "काय गो, बरी आहेस ना?" असं विचारण्याआधी ती पायरी पायाने डुगडुगवून बघत आणि मगच वर येत. पुढे बाबांनी गवंड्याकडून ती पक्की करून घेतली, तर भावोजी अंगणात नुसतेच उभे राहिले. बोलायला सुरुवात कशापासून करावी ते त्यांना कळेना.

माणसं मोजायची त्यांना भारी खोड. माझ्या लग्नाचं वऱ्हाड देवरूखला निघालं तेव्हा वाटेत पालीला ताईच्या घरच्यांना घ्यायला बस थांबली. चहापाणी झालं, बस सुटली आणि भावोजींनी मोजायला घेतलं. एक माणूस जास्त भरला. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. शेवटी मागच्या बाकावर लाडू खात बसलेले एक अनोळखी गृहस्थ सापडले. पालीचा बाजार उरकून त्यांना साखरप्याला जायचं होतं आणि त्यांची एसटी चुकली होती. बाबांना ते भावोजींचे कुणीतरी वाटले होते आणि आईला बाबांचे. भावोजी कपाळाला हात लावून म्हणाले, "एक कमी भरला तर शोधता येतो हो. जास्त भरला तर काय करायचं माणसाने?" गृहस्थांना साखरप्याला मानाने उतरवलं, नारळ दिला आणि मग भावोजींनी बस थांबवून ठेवून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तेव्हा शाळांच्या सहली म्हणजे देवाची कृपा असायची. टेम्पोत पोरं भरायची, गाणी म्हणत समुद्रावर न्यायची, संध्याकाळी जेवढी सापडतील तेवढी परत आणायची. आश्चर्य म्हणजे सगळी सापडत. भावोजींना हे बघवेना. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांसाठी शिबिर काढलं, मिरजोळ्याच्या अलीकडच्या सड्यावर. सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं कातळाचं माळरान. मी त्या बाजूच्याच एका शाळेत शिकवायचे, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय नव्हती. शिबिराची रीत अशी की एका शिक्षकाने शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी मुलं व्हायचं आणि भावोजी व्हायचे वर्गातला सर्वांत द्वाड मुलगा. ते काम त्यांना इतकं छान जमायचं की ताईला लग्नाच्या आधी कुणी सांगायला हवं होतं. चालता चालता चप्पल फेकायचे, पाणी सांडायचे, आणि एकदा तर ते गायबच झाले. आमच्यातल्या एका वजनदार हेडमास्तरांकडे त्या दिवशी पुढारपण होतं. त्यांनी दोन हाका मारल्या आणि भूक लागली म्हणून डबे उघडायला सांगितले. थोड्या वेळाने शेजारच्या काजूच्या झाडावरून आवाज आला, "पोरगं हरवलंय आणि तुम्ही लोणचं वाटून घेताय? आणि माझ्या डब्यातलं?"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. पण संध्याकाळी ते समजावून सांगायला बसले, की मग कुणी हसत नसे. उधाणाची लाट मागे ओढते कशी, आग्यामोहोळ उठलं तर काय करायचं, उन्हाने पोर गळून पडण्याआधी कसं गप्प गप्प होतं. भावोजी हे सगळं इतकं हुबेहूब करून दाखवत की अंगावर काटा यायचा. आम्ही सगळं शिकलो, अगदी मन लावून शिकलो.

आणि त्या हिवाळ्यात आमच्यापैकी एकाही शाळेची सहल निघाली नाही.

जे लोक पूर्वी गाणी म्हणत पोरांना वाट्टेल तिथे नेत होते, त्यांना आता सगळं माहीत झालं होतं. हेडमास्तरांनी तर शाळेच्या मैदानावरच वनभोजन उरकलं. मीही सहल काढली नव्हती. संक्रांतीला ताई आणि भावोजी तिळगूळ घेऊन आले आणि भावोजी म्हणाले, "तू तरी न्यायचीस गो." मी म्हटलं, "भावोजी, आधी मला भीती वाटायची नाही, कारण मला काही ठाऊक नव्हतं." ते हातातला तिळगूळ तसाच धरून बसले.

मग स्वयंपाकघरात ताईने मला जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, या माणसाने लहानपणी काहीतरी भयंकर अपघात पाहिला असणार. तसं काही नव्हतं. ते लहान असताना त्यांच्या शाळेची सहल एकदा होडीने जयगडच्या किल्ल्यावर गेली होती. पाण्याच्या भीतीने आईने त्यांना पाठवलं नाही. सहल सुखरूप परत आली, कुणाचा केससुद्धा वाकडा झाला नाही. वर्षभर वर्गात पोरं बुरुजाच्या आणि होडीशेजारून उड्या मारत गेलेल्या माशांच्या गोष्टी सांगत राहिली आणि हे नुसते ऐकत राहिले. "कुठल्या आईला नाही म्हणायला कारणच उरू नये, म्हणून चाललेत त्यांचे हे खटाटोप," ताई म्हणाली. "आणि झालं काय बघ. दार उघडायला गेले आणि कडी लावून आले."

ते ऐकल्यावर मला घरात स्वस्थ बसवेना. शाळेचं नवं वर्ष लागलं आणि गणपती विसर्जन झाल्याबरोबर मी हेडबाईंची परवानगी काढली. लांब कुठे नाही, शाळेपासून चालत जाता येईल एवढ्याच सड्यावर. आदल्या दिवशी एकटी जाऊन वाट बघून आले. चिरेखाण तुडुंब भरली होती, म्हणून वाट तिच्यापासून लांबून आखली. मग पालीला जाऊन भावोजींना म्हटलं, "उद्या तुम्हीही चला." त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ते पिशवीत दोरीसुद्धा भरायला लागले. भरता भरता थांबले, दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नको. मी आलो तर तुझी नजर पोरांवर राहायची नाही, माझ्या तोंडावर राहील. तू ने."

"पण तुम्हाला यायचंय ना?"

"यायचंय तर. म्हणूनच नको."

आम्ही गेलो. कातळावर सीतेची आसवं म्हणतात ती इवली निळीजांभळी फुलं पसरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. खळग्यांतल्या पाण्यात नखाएवढे बेडूक होते. पोरं पालथी पडून बघत राहिली आणि मी पहिल्यांदाच न घाबरता, पण डोळे उघडे ठेवून, त्यांच्या मागे उभी राहिले.

परत आलो तर भावोजी शाळेच्या फाटकाशी बसलेले. पालीहून दुपारच्या गाडीने आले होते. "कोण पडलं का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मी चाचरत सांगितलं की एकाचा गुडघा खरचटला, धुऊन औषध लावलंय. मला वाटलं आता बोलणी बसणार. भावोजी मोठ्याने हसले. "खरचटलं ना? मग गेला होतात खरे!" एवढं म्हणून ते पोरांत जाऊन बसले. पोरं एकाच वेळी सगळं सांगायला लागली, फुलं, बेडूक, कुणाची चप्पल चिखलात रुतली ते. भावोजी मध्येच विचारायचे, "मग?" पोरं आणखी सांगायची. "मग रे?" बाहेर शेवटची एसटी लागायची वेळ झाली तरी त्यांचा पाय निघेना.

त्यानंतर दरवर्षी आमची सहल निघाली, आणि हळूहळू इतर शाळांच्याही. भावोजी कधीच आले नाहीत. मी बोलवायचे, ते नाही म्हणायचे आणि संध्याकाळी फाटकाशी हजर असायचे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. परवा आम्ही पोरांना होडीने जयगडला नेऊन आणलं. सगळी सुखरूप परतली. पोरं आयांचे हात धरून बडबडत घरी गेली आणि मी फाटकाशी एकटीच उभी राहिले. मला बुरुजाबद्दल सांगायचं होतं, पाण्याबद्दल सांगायचं होतं, आणि ते मासे खरंच होडीच्या शेजारून उड्या मारत जातात हे तर सगळ्यांत आधी सांगायचं होतं. "मग?" असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.