गाडग्यातलं पिल्लू

नागपंचमीला पुरणाच्या दिंडांची वाफ घरभर दरवळली, की मी आजही पाय जवळ ओढून घेते. निजामाच्या राज्यातली गोष्ट, मी दहा वर्षांची होते. पंचमीच्या आदल्या दिवशी गोवऱ्या काढताना वीतभर सापाचं पिल्लू सापडलं. गारठलंय असं वाटून मी ते गाडग्यात ठेवलं अन् कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायला गेले, तर त्यानं इवलासा फणा काढला. कसंबसं वर फडकं बांधून आईला हाक मारली. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "उद्या पंचमी हाय, मारायचं न्हाई. तूच आणलंस, परवा तूच नदीला सोडून ये." पंचमीला तिनं गाडग्यालाच हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी निघताना भीतीनं मी आत बघितलंच नाही. कयाधू नदीवर काठीनं फडकं सारलं, तर गाठ सैल अन् गाडगं रिकामं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "सोडलंस?" मार बसेल म्हणून मी म्हणाले, "व्हय." त्या दुपारी आई निर्धास्त भुईवर पाय पसरून झोपली अन् मी उंबऱ्यात बसून तिच्या पायांकडे बघत राहिले. ते पिल्लू पुन्हा कधीच कुणाला दिसलं नाही. पुष्कळ वर्षांनी आई म्हातारपणानं गेली, तेव्हा सगळे तिचं शेवटचं तोंड बघत होते, मी पाय बघत होते.