उर्सुलाचा रावस आणि बॅप्टिस्टचा खोकला

पाचूबंदरची उर्सुला मासळी घेऊन सांडोर गावात शिरली की आधी तिची जीभ पोचायची आणि मागून पाटी. बोंबील, मांदेली काय, कुणीही विकत घेतं. रावसाचं तसं नव्हतं. एवढा जाडजूड मासा शिजायला वेळ लागणार, सरपण जाणार, बिघडला तर घरात बोलणी बसणार, म्हणून वाडीतल्या बायका हात आखडता घ्यायच्या. तिथेच उर्सुला अंगणात फतकल मारून बसायची.

"पापलेट मिजास करतो बाय, रावस गरीब गाय हाय," ती म्हणायची. "मीठ, हळद, लसूण-मिरचीचं वाटन नि चिंचेचा कोळ चोळा. तांदळाच्या पिठात लोळवा नि टाका तव्यावर. एका अंगाला तीन नमो मारिया म्हना, दुसऱ्या अंगाला दोन. जास्त भक्ती केली तं करपंल."

बायका हसायच्या आणि हसता हसता रावस घ्यायच्या. पुढच्या खेपेला तिच्याकडे नवीन काहीतरी तयार असे. कांदा परतू नका, खोबरं भाजू नका, नुसत्या चिंचेच्या पाण्यात वाटण कालवा, उकळी फुटली की तुकडे सोडा आणि पानं मांडायला उठा. पानं मांडून होईस्तोवर कालवण तयार. घराघरांतून तसंच व्हायचं, आणि उर्सुलासारखी सुगरण अख्ख्या बंदरावर नाही, अशी तिची ख्याती झाली.

आता खरं काय ते सांगून टाकतो. या सुगरणीने जन्मात कधी तव्यावरचा मासा उलटला नव्हता.

आई लहानपणीच गेली. मावशीने पोरीला मासळीच्या पाटीशी बसवलं, ती चुलीशी कधी बसलीच नाही. कल्ल्यांचा रंग बघून मासा कधीचा ते ती दुरून सांगे, कोयत्याने तुकडे पाडी ते एकासारखे एक. पण चुलीपुढे बसली की हातांतलं बळच जाई. लग्नानंतर तिने केलेलं पहिलं कालवण सासूने मुकाट्याने गिळलं, देवाचे आभार मानले आणि त्याच संध्याकाळी ती लेकीकडे राहायला निघून गेली. तेव्हा नवऱ्याने, म्हणजे बॅप्टिस्टने, बायकोच्या हातातला कालथा काढून घेतला तो कायमचा.

बॅप्टिस्ट पोरवयात होडीवर लागलेला. होडीवर जो सर्वांत धाकटा, त्यानेच सगळ्यांचं रांधायचं. समुद्रात पुरुषाने रांधलं तर कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण घरात धडधाकट बायको असताना नवरा चुलीपुढे बसतो, हे बंदरावर कळलं असतं तर बिचाऱ्याला मरेपर्यंत मान वर करता आली नसती. म्हणून दिवेलागणीला या घराचं दार लागायचं. तो रांधायचा, ती शेजारी बसून दिवसभराच्या गमती सांगायची आणि मध्येच विचारायची, हे कधी घातलंस, ते कशाला घातलंस. रात्री त्याने जे केलं ते सकाळी सांडोरात हिच्या तोंडी. चुलीशेजारची ती वेळ उर्सुलाला साऱ्या दिवसात प्रिय होती.

दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सांडोरात केळीची मोठी वाडी असलेल्या फर्डिनंडची बायको मार्था ही उर्सुलाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तिच्या लिडियाचं लग्न ठरत आलं होतं. नंदाखाल गावचे सोयरे बोलणी पक्की करायला येणार, तो दिवस नेमका शुक्रवार, आणि शुक्रवारी मटण वर्ज्य.

"उर्सुला, रावस तूच आण आणि तूच रांध," मार्थाने फर्मावलं. "तू सांगतेस तसं सगळं करते, पण तुझ्या हातची चव ती तुझ्या हातची."

भोवती चार शेजारणी बसलेल्या. उर्सुलाच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ सवयीने बोलून गेली, "करीन की, त्यात काय."

घरी येऊन सांगितल्यावर बॅप्टिस्ट चूल फुंकायचा थांबला.

"हात भाजलाय म्हन," तो म्हणाला.

"मंग मला समोर बसवून इचारतील, आता उलटू का, आता काढू का. मला काय कळतंय त्यातलं?"

गिऱ्हाइकं तुटली तर तिने दुसरी जोडली असती. पण उर्सुलाला रांधता येत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच, की मग हिच्या घरी रांधतं कोण. त्या प्रश्नाची तिला खरी धास्ती होती. नवऱ्याचं हसं झालेलं तिला सोसलं नसतं.

शेवटी तोड बॅप्टिस्टनेच काढली. रावस भला मोठा, तो उचलायला म्हणून त्याने बरोबर जायचं आणि मागच्या बाजूला चुलीच्या खिडकीखाली जाळं विणत बसायचं. तव्याचा आवाज ऐकून त्याला सगळं कळे. तो एकदा खोकला की मासा उलटायचा, दोनदा खोकला की उतरवायचा.

शुक्रवारी उर्सुलाने सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "मला रांधताना कोनी बघितलेलं चालत नाय," ती म्हणाली. मार्थाने भुवई उंचावली आणि ती बाहेर गेली.

पहिला तवा चारच तुकड्यांचा. एक खोकला झाला, उलटले. दोन झाले, उतरवले. तुकडे असे खरपूस उतरले की उर्सुलाला वाटलं, आपल्याला येतंय की. एवढी वर्षं उगाच घाबरलो. तिथेच घात झाला. बाकीचे सगळे तुकडे तिने एकदम तव्यावर लावले आणि कुणी सांगितलं नसताना, वास छान सुटावा म्हणून, मूठभर सुक्या मिरच्या तापल्या तेलात सोडल्या.

खकाणा उठला तो खिडकीतून थेट बॅप्टिस्टच्या नाकात. बिचारा खोकत सुटला. एकदा, दोनदा, चारदा. आत उर्सुलाने मासा उलटला, उतरवला, परत चढवला, परत उलटला. जितके खोकले तितक्या कोलांट्या. खोकला थांबला तेव्हा तव्यावर रावसाचा नुसता चुरा होता आणि वाटेवर पाहुण्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

बॅप्टिस्ट मागच्या दाराने आत आला. त्याचे डोळे मिरचीने भरलेले, तिचे रडून. तो कालथा घेऊन बसला. चुऱ्यातले काटे वेचले, ओलं खोबरं, चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि थोडा शिरका घालून कालवलं. वाडीतलं केळीचं पान तिच्याकडून विस्तवावर शेकून घेतलं, त्यात पुड्या बांधल्या, तव्यावर ठेवून वर झाकण घातलं.

"पान काळवंडलं की झालं," तो म्हणाला.

पाहुणे पाय धुऊन ओटीवर टेकेपर्यंत पुड्या तयार झाल्या, आणि त्याच वेळी मार्थाने आतलं दार ढकललं. चुलीपुढे उकिडवा बॅप्टिस्ट, हातात कालथा. बाजूला पान धरून उभी उर्सुला. मार्थाने त्याच्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. उर्सुलाला वाटलं, संपलं सगळं. मार्था मागे वळली आणि ओटीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत कुणी येऊ नका. उर्सुलाला रांधताना बघितलेलं चालत नाही." आणि तिने दार ओढून घेतलं.

जेवण रंगलं. पानाची पुडी उघडली की वाफेबरोबर असा वास यायचा की सोयरे बोलणी करायचं विसरले. मुलाचे आजोबा पास्कल खाण्यात चोखंदळ. त्यांनी तिसरी पुडी संपवली, बोटं चाटली आणि रांधणारीला बोलावून घेतलं.

"बाय, हे हात दाखव बघू. देव या हातांचं भलं करो."

उर्सुलाने हात पुढे केले. या हातांनी नुसतं पान शेकलं होतं. ज्याच्या हातांना हा आशीर्वाद जायला हवा, तो भिंतीपलीकडे पालथ्या पाटीवर बसून सगळं ऐकत होता. एवढ्या वर्षांत त्याला रांधण्याबद्दल तिच्याखेरीज कुणी बरं म्हटलं नव्हतं. आता सांगूनच टाकावं, असं तिने ठरवलं.

"आजोबा," ती म्हणाली, "हे हात माझे नाय—"

भिंतीपलीकडून दोन खोकले आले. दोनच, नीट मोजून.

उतरव.

"देवाचे हात हायत, आजोबा," तिने वाक्य पुरं केलं.

आजोबा आणखी खूश झाले आणि त्यांनी लग्नाची तारीखही सांगून टाकली.

पाहुण्यांना पोचवून मार्था आत आली. पहिल्या तव्याचे चार तुकडे तिने कुणाला वाढलेच नव्हते. ते आणि दोन पुड्या एका ताटात घालून तिने ताट उर्सुलाच्या हाती दिलं आणि मानेने मागच्या दाराकडे खुणावलं.

"बॅप्टिस्टचा खोकला काही बरा दिसत नाही," ती म्हणाली. "लग्नात त्याला घेऊनच ये. आमच्या घरात जाळं कुठलं असायला, पण फाटकं एखादं मिळवून ठेवते. बसेल आपला विणत."

उर्सुला ताट घेऊन मागच्या दाराने बॅप्टिस्टकडे गेली, आणि सांडोरात पहिल्यांदाच तिची जीभ मागे राहिली.