वकीलसाहेबांची ओरिजिनल गाडी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी टाकून कुणी निघून जात नसे. मिस्त्री चांगला पार्ट काढून घेईल आणि भंगार बसवील, ही भीती! त्यामुळे मालक समोरच स्टुलावर ठाण मांडायचा, आणि बसलेला माणूस बोलणारच. स्वातंत्र्यानंतरची आठ-दहा वर्षं मी जळगावात रहीममिस्त्रींच्या हाताखाली फिटर होतो. तेवढ्या काळात इतके किस्से साठले की सांगायला बसलो तर चहा तीनदा गरम करावा लागतो.

*

सगळ्यांत संशयी धरणगावचे वकीलसाहेब. त्यांची विलायती गाडी वीस वर्षांची, पण रंग, दिवे, गाद्या सगळं आलं तसंच. "एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही!" ही ताकीद. एकदा आम्ही कार्बोरेटर साफ करून दिला, तर साहेब खिशातून भिंग काढून तो उलटासुलटा करायला लागले.

"काय शोधताय, साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

"कानशीने बारीक खूण केली होती. पार्ट बदलला तर कळावं म्हणून."

मिस्त्रींनी शांतपणे बोट ठेवलं. "ही तुमची एक. शेजारच्या दोन माझ्या. तुम्ही घरी बदलून माझ्यावर आळ घालाल म्हणून!"

*

अगदी तशीच गाडी भडगावकडच्या आबांनी घेतली. आबा केळीवाले. त्यांनी पहिल्याच दिवशी मागचा भाग कापायला लावला आणि तिथे केळीचे घड ठेवायला लाकडी हौदा ठोकून घेतला. वर पोपटी रंग!

वकीलसाहेब ते बघून स्टुलावरून उठलेच. "आबा, हा खून आहे खून!"

"तुमनी गाडी कितली चालस?" आबांनी विचारलं.

"ती चालवायला नाही, जपायला आहे."

"मंग देव्हारामा ठेवा ना!"

*

आबांनी गाडीचा जुना पितळी भोंगा काढून कोपऱ्यात टाकला होता. वकीलसाहेबांनी तो सहज मागितला, आपल्या गाडीला जोड म्हणून. आबांचे डोळे बारीक झाले. वकील मागतो म्हणजे त्यात काहीतरी असणार! भोंगा धोतराच्या सोग्यात गुंडाळून ते तडक सराफाकडे गेले. सराफाने घासून बघितलं आणि सांगितलं, निव्वळ पितळ.

आबा परत आले, भोंगा गाडीला पुन्हा बसवून घेतला आणि माझ्या कानात म्हणाले, "सोनार बी वकीलले सामील शे!"

*

दारूबंदीचे दिवस. लांब जायचं म्हणून आबांनी पेट्रोलची दुसरी टाकी बसवली होती. धुळ्याच्या नाक्यावर हवालदाराने नेमकी ती हेरली. कंपनीच्या गाडीला एकच टाकी असते, मग दुसरीत काय? आबांना खाली उतरवलं, झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि जोरात श्वास घेतला. बिचारा डोकं धरून रस्त्याच्या कडेला बसला.

"अहो, हे तर पेट्रोल आहे!"

"मंग?" आबा म्हणाले. "मोटर दूध पेस का?"

*

आणि हा एक. एके दिवशी वकीलसाहेब लालबुंद होऊन आले. "मी मीटरवरचे मैल लिहून ठेवतो. गाडी महिनाभर शेडमध्ये आहे, तरी अठ्ठावीस मैल वाढले! मिस्त्री, तुम्ही दुसरी किल्ली करून घेतलीय!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "साहेब, खुणा करा, भिंग लावा. पण चोर म्हणू नका. गाडी दुसरीकडे न्या."

"पुराव्यानिशी दाखवतो!" साहेब माझ्याकडे वळले. "दत्तू, तू चल साक्षीला."

कोर्टाला जातो असं घरी सांगून वकीलसाहेब काळा कोट घालून निघाले, आणि भर दुपारी आम्ही दोघं त्यांच्याच घरासमोर, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीआड उभे! मिस्त्रींचाच कुणी माणूस निघाला तर काय, म्हणून मी गॅरेजमधला एकेक जण मनात तपासून बघत होतो.

शेडचं दार उघडलं. गाडी हळूच बाहेर आली. स्टिअरिंगवर वकिलीणकाकू! पाय पोचावेत म्हणून पाठीशी दोन उशा लावलेल्या. मागे शेजारच्या दोघी, मांडीवर शेंगांचं टोपलं घेऊन खिदळत होत्या. कोपऱ्यावर काकूंनी गिअर असा बदलला की आवाजसुद्धा झाला नाही.

वकीलसाहेब मला ओढत आणखी भिंतीआड सरकले. धूळ खाली बसेपर्यंत त्यांनी मान लांब करून पाहिलं. मग म्हणाले, "गिअर माझ्यापेक्षा बरा टाकते."

आठवड्याने गाडी घेऊन ते गॅरेजवर आले. मिस्त्रींना आधी हात जोडले. मग म्हणाले, "पुढची सीट चार बोटं पुढे घ्या."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "साहेब, खाली नवी भोकं पाडावी लागतील. मग गाडी ओरिजिनल राहायची नाही."

"पाडा."

"पण तुमचे पाय एवढे लांब, तुम्हाला अडचण..."

वकीलसाहेबांनी पेपर तोंडासमोर धरला. "पाडा म्हटलं ना!"